नाव तीनदा विचारतात, पिशवीवर एकदाही लिहीत नाहीत

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा.

मागच्या आठवड्यात एका आईने विचारलं होतं, "मुलगा सतरा वर्षांचा झाला, रक्तदान करायचं म्हणतोय. चांगलंच आहे. पण नाव, पत्ता, जन्मतारीख, वंश, कुठे फिरून आलात, शिवाय अगदी खासगी प्रश्न. एवढी माहिती कशाला हवी यांना? आणि त्याने काय उत्तरं दिली ते मला का बघू देत नाहीत?"

त्यावर दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "द्यायचीच कशाला एवढी माहिती?" दुसरा म्हणाला, "आपल्यात लपवायचं काय आहे?" मला दोन्ही पटले नाहीत.

मी सीए आहे. पुण्यात आर्टिकलशिप केली, गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी करते. एखाद्या नावापुढे जे लिहिलंय ते खरंच त्याच नावाचं आहे का, हे तपासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. उरलेलं अर्धं, ते ज्याला बघायचा हक्क नाही त्याला दिसत नाही ना, हे बघण्यात. रक्तदानातही हीच दोन कामं आहेत. ओळख पटवणं हे एक, ओळख उघडी करणं हे दुसरं. आपण बहुतेक वेळा या दोन्हींची गल्लत करतो.

आधी इथे काय होतं ते सांगते. आत गेल्यावर नाव, जन्मतारीख, पत्ता विचारतात. मग आडोशाला बसून तब्येतीबद्दल बोलतात, तिथे पुन्हा तेच. खुर्चीवर आडवं झाल्यावर, सुई टोचायच्या आधी, पुन्हा तेच. माझी लेक पहिल्यांदा गेली तेव्हा म्हणाली, "आई, यांना ऐकू येत नाही का गं?" तसं नाही. त्यांच्या विचारण्यात एक शिस्त आहे. "तुम्ही अमुक का?" असं विचारत नाहीत. "तुमचं नाव सांगा" असं विचारतात. पहिल्या प्रश्नाला माणूस नुसती मान हलवतो. दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.

मला आजवर इथे कुणी पासपोर्ट दाखवायला सांगितलेलं नाही. अमेरिकेतल्या मैत्रिणींचा अनुभव वेगळा असेल, कारण तिथे ओळखीचा पुरावा घेणं आणि रक्त दिल्यानंतर आठ आठवडे जिथे गाठता येईल असा पत्ता घेणं हे एफडीएच्या नियमातच आहे. पद्धत वेगळी असली तरी हेतू एकच. आज खुर्चीवर बसलेला माणूस आणि नोंदीतला माणूस एकच असला पाहिजे, आणि उद्या गरज पडली तर तो सापडला पाहिजे.

"नाव आणि जन्मतारीख पुरे की! पत्ता कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरात डोकावून बघा. माझे वडील, दोन काका आणि वडिलांचे किमान पाच मित्र यांचा वाढदिवस १ जूनला असतो. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली तीच जन्मतारीख. एका तालुक्यात '१ जून'वाले प्रकाश पाटील किती निघतील याचा हिशोब मी सीए असूनही करू शकणार नाही. त्यात आपली नावं! पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, इकडच्या फॉर्मवर मधल्या नावाचा रकानाच नाही. माझ्याच नावाची इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेची आहेत. म्हणून एका खुणेवर विसंबत नाहीत, दोन-तीन खुणा जुळवतात. बँकेत केवायसी करताना आपण कुरकुरतो, पण त्याचं कारण हेच.

आता खरी गंमत. एवढ्या वेळा विचारलेलं नाव रक्ताच्या पिशवीवर कुठेच नसतं. असतो तो एक नंबर आणि बारकोड. जगभर बऱ्याच देशांत 'आयएसबीटी १२८' नावाची पद्धत वापरतात. तिच्यात प्रत्येक रक्तदानाला तेरा खुणांचा क्रमांक मिळतो: पहिल्या पाच खुणा रक्त घेणाऱ्या संस्थेच्या, पुढचे दोन आकडे वर्षाचे, शेवटचे सहा अनुक्रमांक. तोच नंबर पिशवीवर, तोच तपासणीच्या नळ्यांवर, तोच नोंदीवर. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला नंबर दिसतो, माणूस दिसत नाही. वॉर्डातल्या नर्सला नंबर आणि रक्तगट दिसतो, कुणी दिलं ते दिसत नाही. नंबर आणि नाव यांची सांगड जिथे आहे ती वही वेगळी, कुलूपबंद, आणि ती उघडायला कारण लागतं.

लेकीला रक्त दिल्यानंतर काही दिवसांनी मेसेज आला, तुमचं रक्त अमुक रुग्णालयात पाठवलं आहे. तिला कोण आनंद झाला! "कुणाला दिलं असेल गं?" ते तिला कधीच कळणार नाही. रुग्णालयाचं नाव तेवढं कळतं, माणसाचं नाही. तिच्या आनंदाला तेवढं पुरलं.

मग प्रश्न येतो की नाव नाहीच लिहायचं तर घ्यायचं तरी कशाला? सगळं निनावीच ठेवा ना.

याचं उत्तर या देशाने फार महाग शिकलंय. १९७० नंतरच्या दोन दशकांत इथे रक्त आणि रक्तापासून बनवलेल्या औषधांतून ३०,००० हून अधिक लोकांना एचआयव्ही, हेपॅटायटिस अशा आजारांची लागण झाली. सुमारे ३,००० माणसं गेली. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला. त्यात काही औषधं अमेरिकेतून आणलेली होती. हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवलेली, आणि त्या लोकांत पैसे घेऊन देणारे होते, तुरुंगातले कैदीही होते. कुणाचं काय कुणाच्या अंगात गेलं हे शोधायला मागच काढता येत नव्हता. वर कित्येक रुग्णांना स्वतःचे जुने वैद्यकीय कागद मिळालेच नाहीत.

याच्या उलट उदाहरणही इथलंच आहे. हेपॅटायटिस सी साठी रक्ताची तपासणी इथे सप्टेंबर १९९१ मध्ये सुरू झाली. ज्यांच्या रक्तात तो सापडला त्यांनी त्याआधी कधी रक्त दिलं होतं, ते कुणाला चढवलं, हे १९९५ पासून मागे जाऊन शोधलं गेलं. जिथे नोंद होती तिथे माणूस सापडला, त्याला सांगता आलं, उपचार सुरू करता आले. जिथे नोंद नव्हती तिथे शोध संपला.

म्हणून इथल्या कायद्यात या नोंदी तीस वर्षं ठेवायच्या असतात. तुलनेसाठी सांगते, कंपनीचे हिशोब इथे सहा वर्षं ठेवतात, भारतात आठ. रक्ताचा हिशोब तीस! "माझी सगळी माहिती पुसून टाका" हा हक्क आपल्याला इतर बऱ्याच ठिकाणी वापरता येतो, पण इथे तो पूर्ण चालत नाही, आणि चालू नये असं माझं मत आहे.

आता त्या आईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. फॉर्म मला का दाखवत नाहीत?

इंग्लंडमध्ये सतराव्या वर्षी मूल स्वतःच्या नावाने रक्त देऊ शकतं. त्या फॉर्मवर औषधं, आजार, प्रवास, टॅटू यांच्याबरोबर शरीरसंबंधांबद्दलही प्रश्न असतात. जून २०२१ पासून ते मुलगा-मुलगी, स्त्री-पुरुष असा भेद न करता सगळ्यांना सारखेच विचारतात. आता कल्पना करा, मुलगी फॉर्म भरतेय आणि आई शेजारी बसलीय. प्रश्न आला. ती काय लिहील? आई बघत असताना जे लिहायचं तेच लिहील. ते खरं असेल किंवा नसेल. खरं नसेल तर नुकसान कुणाचं? कुणा अनोळखी बाळंतिणीचं, कुणा कॅन्सरच्या पेशंटचं. तपासण्या होतात, पण लागण अगदी ताजी असेल तर ती तपासणीत दिसायला काही दिवस जातात. तेवढ्या दिवसांपुरता भरवसा फक्त खऱ्या उत्तराचा असतो.

म्हणजे गुप्तता ही देणाऱ्यावर केलेली मेहेरबानी नाही. घेणाऱ्याच्या सुरक्षिततेचा तो भाग आहे. उत्तर फुटणार नाही याची खात्री असेल तरच माणूस खरं बोलतो. ऑडिटमध्येही हेच बघितलंय. बॉस खोलीत असताना विचारलं की सगळं आलबेल असतं. तो चहाला गेला की क्लार्क खरं सांगतो.

यातलं आणखी एक, जे आपल्या समाजात फार बोचतं. मूल रक्त द्यायला गेलं आणि न देता परत आलं तर "का नाही घेतलं?" हे विचारू नका. हिमोग्लोबिन कमी असेल, वजन कमी भरलं असेल, नुकतंच कुठलं औषध घेतलं असेल, किंवा आणखी काही. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. गावाकडे मी बघितलंय, घरातल्या पेशंटसाठी चार नातेवाईक रक्त द्यायला गेले, तिघांचं घेतलं, एका मुलीचं नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या भावकीत चर्चा, "तिचं का नाही घेतलं बरं?" तिच्या लग्नाच्या बोलण्यांपर्यंत ते पोचलं. तिला नुसता अॅनिमिया होता. पुढच्या वेळी त्या घरातलं कुणी सहजासहजी पुढे येईल का?

मग माहिती फुटतच नाही का? फुटते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या रेड क्रॉस रक्तसेवेच्या सुमारे साडेपाच लाख रक्तदात्यांची माहिती उघड्या सर्व्हरवर सापडली. नाव, पत्ता, जन्मतारीख, आणि काहींच्या बाबतीत त्या खासगी प्रश्नाचं उत्तरसुद्धा. ती तपासणीच्या किंवा वैद्यकीय नोंदींमधून गेली नव्हती. वेबसाइटवर अपॉइंटमेंट घेताना भरलेले २०१० पासूनचे फॉर्म होते, आणि त्यांची बॅकअप प्रत बाहेरच्या ठेकेदाराकडच्या माणसाच्या चुकीने भलत्या ठिकाणी पडली. मुख्य वही कुलपात होती, गळती झाली ती काम झाल्यावरही ठेवलेल्या जादा प्रतीतून. कुठलाही ऑडिटर हेच सांगेल. तिजोरी सहसा फुटत नाही, टेबलावरची झेरॉक्स जाते.

आणि झेरॉक्स म्हटलं की आपल्याकडच्या व्हॉट्सॅपकडे यावंच लागतं. आपल्यापैकी प्रत्येकाचे आईवडील, सासू-सासरे तिकडे आहेत आणि हा प्रसंग कधी ना कधी येतोच.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांचं मिरजेला ऑपरेशन होतं. रिप्लेसमेंट डोनर आणा, असं सांगितलं गेलं. घरातल्या एका भाच्याने मेसेज टाकला: पूर्ण नाव, वय, आजार, रुग्णालय, वॉर्ड, कॉट नंबर, रक्तगट, दिरांचा मोबाइल. पोराची तळमळ खरी होती. अर्ध्या तासात तो मेसेज लंडन, दुबई, न्यू जर्सी फिरून आला. चांगली माणसं आली, रक्त मिळालं. पण त्याच संध्याकाळी एक फोन आला, "मी कोल्हापुराहून निघालोय, तुमचाच ग्रुप आहे, पेट्रोलचे दीड हजार पाठवा." दिरांनी पाठवले. तो आलाच नाही. त्यानंतर तसेच आणखी तीन फोन. सासरे बरे होऊन घरी येऊन भजी खात होते, तरी सहा महिने दिरांना फोन येत होते, "ते पेशंट कसे आहेत?"

फसवणुकीनंतर दिरांनी दुसरं टोक गाठलं. मला फोनवर म्हणाले, "वहिनी, आता जो फोन करेल त्याच्याकडून आधी आधारचा फोटो मागतोय. त्याशिवाय बोलणंच नाही."

मी म्हटलं, "भाऊजी, तो फोटो घेऊन तुम्ही तपासणार काय? आणि कॉलेजातलं एखादं पोर बिचारं आपण होऊन येतंय, त्याचं आधार तुमच्या, भाच्याच्या, मामांच्या अशा पाच फोनांत राहणार. ते कोण पुसणार?"

ते म्हणाले, "मग ओळखायचं कसं?"

"तुम्ही ओळखायचंच नाही. ते रक्तपेढीचं काम आहे. तिथे जा म्हणायचं. तिथे नाव नोंदवतील, तपासतील. जो तिथे पोचला तो खरा."

सगळा मुद्दा यातच आला. तपासणारा एकच असावा, त्याच्याकडे तपासायचं साधन असावं, आणि बाकीच्यांनी माहिती गोळा करू नये. मेसेजमध्ये नेमकं उलटं होतं. तपासत कुणीच नाही आणि बघतात सगळे.

अतिशय दुर्मिळ रक्तगटांचं बघा. 'बॉम्बे' रक्तगट आपल्या मुंबईतच सापडला. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये त्याची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली. भारतात साधारण १०,००० माणसांत एकाचा हा गट असतो, युरोपात त्याहून कितीतरी विरळ. अशा दात्यांचा शोध देशोदेशी घ्यावा लागतो, आणि त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय यादी १९६५ पासून आहे. ती इथे ब्रिस्टलजवळच्या प्रयोगशाळेत सांभाळतात. गरज पडली की एका देशाची रक्तसेवा दुसऱ्या देशाच्या रक्तसेवेशी बोलते. दात्याला कोण गाठतं? तर त्याची नोंद ज्यांच्याकडे आहे ते, त्याचीच रक्तपेढी. जगात इतकं दुर्मिळ रक्त दात्याचा मोबाइल नंबर चव्हाट्यावर न मांडता मिळू शकतं, तर मिरजेत ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या का मिळू नयेत?

आम्ही घरात आता मेसेजचा नमुनाच करून ठेवलाय. हवा तर घ्या:

"ओ पॉझिटिव्ह रक्ताची गरज, २ पिशव्या. ठिकाण: अमुक रक्तपेढी, मिरज. बुधवार संध्याकाळपर्यंत. देणाऱ्यांनी थेट रक्तपेढीच्या नंबरवर फोन करावा. गुरुवारनंतर हा मेसेज पुढे पाठवू नये."

पेशंटचं नाव नाही, आजार नाही, कॉट नंबर नाही. दाता पेढीत पोचला की तिथल्या माणसाला पेशंटचं नाव आपण फोनवर सांगायचं. शेवटची तारीख मात्र लिहायचीच, नाहीतर मेसेज पेशंटपेक्षा जास्त जगतो.

कुणी पैसे मागितले तर बोलणं तिथेच थांबवा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत भारतात १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. रक्तपेढी तपासणीचा आणि प्रक्रियेचा खर्च घेते, तो वेगळा, आणि त्याची पावती मिळते. पावती नाही तिथे पैसे नाहीत, हा नियम सीएकडून फुकट!

दात्याचे आभार मानताना त्याचा फोटो टाकायचा मोह होतो. आधी त्याला विचारा. त्याने कधी, कुठे, कुणाला रक्त दिलं हे सांगायचा हक्क त्याचा.

आणि आईवडील इथे आले असतील, दवाखान्यात जायची वेळ आली, तर त्यांना एक गोष्ट पढवून ठेवा. रक्त तपासायला घेताना किंवा चढवताना कुणी "मिसेस जोशी?" म्हणालं की नुसतं "यस यस" करायचं नाही. आपल्या पिढीच्या आईवडिलांना नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, त्यात इंग्रजी उच्चार कळत नाहीत, कानाचं मशीन घरी राहिलेलं असतं. पूर्ण नाव आणि जन्मतारीख स्वतःच्या तोंडाने सांगायची, हातातला पट्टा दाखवायचा. चुकीच्या गटाचं रक्त जीव घेऊ शकतं, आणि ती चूक पुष्कळदा प्रयोगशाळेत नाही, कॉटजवळ होते. माझ्या आईने आता हे असं पाठ केलंय की परवा डेंटिस्टकडेसुद्धा न विचारता जन्मतारीख सांगून आली.

तर त्या आईला माझं उत्तर असं. मुलाला खुशाल जाऊ द्या. जिथे विचारायचा हक्क आहे तिथे नाव, पत्ता, आजार सगळं खरं-खरं सांग म्हणा. जिथे नाही तिथे गोड शब्दांत नाही म्हणायला शिकव. आणि त्याच्या फॉर्मच्या बाबतीत, आपणही 'जिथे नाही' मध्येच येतो. मला ते सोपं जातं असं नाही. पण लेक सतरा वर्षांची झाली म्हणजे काय, ते मला तिच्या वाढदिवसापेक्षा या फॉर्मने जास्त नीट समजावलं.

तुमच्याकडे, दुबईत, मॉरिशसमध्ये, इस्रायलमध्ये, अमेरिकेत, रक्त देताना काय विचारतात, काय दाखवावं लागतं? नक्की लिहा. फक्त पेशंटचं नाव लिहू नका!